शनिवारचा भाजीवाटा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या वाटपाचं हे पाचवं वर्ष. शहापूर तालुक्यातल्या एका शेतावरून दर शनिवारी भाजी येते आणि पंचेचाळीस घरं ती वाटून घेतात. नवीन घर जोडलं गेलं की तेच ते प्रश्न येतात, आणि फोनवर उत्तर देताना दर वेळी काहीतरी सांगायचं राहून जातं. म्हणून सगळं एका जागी लिहून काढलं. काही उत्तरं लांबली आहेत. गैरसमज तिथेच जास्त होतात, असा आजवरचा अनुभव आहे.

वाटा म्हणजे नक्की काय? आठवड्याची भाजी विकत घेण्यासारखंच ना?

गावी ज्यांची वडिलोपार्जित जमीन आहे त्यांना हे लगेच कळेल. एक भाऊ शेत कसतो, दुसरा नोकरीसाठी शहरात असतो, आणि भात झोडून झालं की त्याच्या वाट्याचं पोतं एसटीच्या टपावरून त्याच्या घरी येतं. त्या वर्षी पाऊस नीट झाला नाही तर पोतं छोटं येतं, आणि त्यावरून कोणी भावाशी भांडत नाही. आपला वाटा असाच आहे. हंगाम सुरू होण्याआधी तुम्ही पैसे भरता. त्यातून बियाणं, शेणखत, मजुरी आणि टेम्पोचं भाडं निघतं. मग जे पिकेल ते सगळ्या वाटेकऱ्यांत सारखं वाटलं जातं. भेंडीला बहर आला तर तुमच्या पिशवीतही भेंडी जास्त, आणि भेंडी पावसात सडली तर ती सगळ्यांचीच सडली.

जगात ही पद्धत जुनी आहे. जपानमध्ये १९७० च्या दशकात शहरातल्या गृहिणींनी थेट शेतकऱ्यांशी असं नातं जोडलं. त्याला तिथे 'तेइकेई', म्हणजे भागीदारी, म्हणतात. जिनिव्हात १९७८ मध्ये आणि अमेरिकेत १९८६ मध्ये अशी शेतं उभी राहिली. आपण काही नवीन शोधून काढलेलं नाही. शहापूरच्या जमिनीवर आणि ठाण्याच्या स्वयंपाकघरात बसेल असं ते करून घेतलं, एवढंच.

वाटप कुठे आणि किती वाजता असतं?

दर शनिवारी सकाळी ८ ते १०.३०. गावदेवी मैदानापासून पाच मिनिटांवर असलेल्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये. नेमका पत्ता नाव नोंदवल्यावर कळवतो, कारण जागा सोसायटीने आपुलकीने दिलेली आहे आणि तिथे अनोळखी गर्दी व्हायला नको. गाडी आत आणू नका. चालत येणं शक्य नसेल तर रिक्षा बाहेर उभी करा, दहा मिनिटांत काम होतं.

आल्यावर काय करायचं?

यादीत आपल्या नावापुढे खूण करायची. भिंतीला टेकवलेल्या फळ्यावर त्या दिवसाचा वाटा लिहिलेला असतो, उदाहरणार्थ : भेंडी अर्धा किलो, शिराळी दोन नग, लाल माठ एक जुडी, काकडी पाऊण किलो, अळू एक जुडी. हा अर्धा वाटा. पूर्ण वाटा त्याच्या दुप्पट. क्रेट ओळीने मांडलेले असतात, शेवटी दोन वजनकाटे आहेत. आपलं आपण मोजून घ्यायचं. कुणी मागे उभं राहून बघत नाही. पाच वर्षांत सगळ्यांना पुरलं नाही असं दोनदाच झालं, आणि दोन्ही वेळा चूक फळ्यावर लिहिणाऱ्याची होती.

एक कळकळीची विनंती. भेंडीचं टोक मोडून बघू नका आणि दुधीला नख लावू नका. बाजारात ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे, माझ्या आईचीही होती. पण इथे टोक मोडलेली भेंडी तुमच्यानंतर येणाऱ्या शेजारणीच्या पिशवीत जाते, आणि नख लागलेला दुधी दोन दिवसांत त्या जागी काळा पडतो. भेंडी शुक्रवारी संध्याकाळी तोडताना शेतावरच्या वहिनी कोवळी कोवळी बघूनच तोडतात. जून भेंड्या झाडावर बियाण्यासाठी तरी राहतात, नाहीतर गुरांपुढे जातात. क्रेटमध्ये त्या येतच नाहीत.

वरची भाजी उचलायची, खालून उकरून काढायची नाही. पालेभाजीची जुडी हातात घेऊन झटकायची असेल तर बाजूला ठेवलेल्या गोणपाटावर झटका.

१०.३० नंतर आलं तर?

११ पर्यंत आम्ही आवराआवर करत असतो, तोवर आलात तर मिळेल. त्यानंतर उरलेले वाटे सोसायटीचे वॉचमन, जिना झाडणाऱ्या मावशी आणि त्या दिवशी मदतीला आलेल्यांमध्ये वाटून टाकतो. ते परत मागता येत नाहीत.

हा नियम काहींना कडक वाटतो. सुरुवातीला आम्हीही सैल होतो. एकदा एका ताईंचा वाटा मी घरी नेऊन ठेवला. त्या दुपारी येणार होत्या, संध्याकाळ झाली, मग रविवार सकाळ. मेथीची जुडी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली होती, तरी मधली पानं पिवळी होऊन चिकट झाली होती. ज्या बाईंनी ती मेथी पहाटे कंदिलाच्या उजेडात, मुळासकट, माती झटकून उपटली होती, त्यांचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर आला. तेव्हापासून ११ म्हणजे ११. त्याच सकाळी ती कुणाच्या तरी कढईत पडली पाहिजे.

माझ्याऐवजी दुसरं कुणी आलं तर चालेल?

हो, कुणीही. शेजारी, कामवाल्या ताई, कॉलेजला जाणारा मुलगा. फक्त त्यांना वाटेकऱ्याचं नाव आणि वाटा पूर्ण की अर्धा हे माहीत असू द्या. मुलं पाठवलीत तर फारच छान. आमच्याकडे एक तिसरीतली मुलगी आजोबांबरोबर येते आणि वजनकाटा तीच वाचते.

गावाला जाणार असू तेव्हा?

एका हंगामात दोन शनिवार सुट्टी घेता येते. बुधवार रात्रीपर्यंत वाटेकऱ्यांच्या मोबाइलवरच्या गटावर कळवा. गुरुवारी शेत कसणारे दादा शेतात फिरून किती जुड्या, किती किलो लागणार याचा अंदाज बांधतात. त्यानंतर कळवलंत तर भाजी तोडलेली असेल. सुट्टीचे पैसे परत मिळत नाहीत, पण त्याच हंगामात पुढे कधीतरी त्या बदल्यात दुप्पट वाटा नेता येतो. गणपतीत पाहुणे असतात तेव्हा बरेच जण तसं करतात.

पिशव्या मिळतात का?

नाही. दोन मोठ्या कापडी पिशव्या आणि पालेभाजीसाठी एक जुना पंचा किंवा ओढणी घेऊन या. राज्यात २०१८ पासून प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे, पण ती नसती तरी आम्ही हेच ठरवलं असतं, कारण पावसाळ्यात प्लास्टिकमध्ये कोंडलेला माठ घरी पोचेपर्यंत घामेजतो. अळूचं पान पिशवीत दुमडून कोंबू नका, वडीला उपयोगी पडत नाही. गुंडाळी करून हातात धरा.

वर्षभरात काय काय मिळतं?

हे उत्तर मला सगळ्यात आवडीचं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जूनच्या मध्यावर पावसाळी हंगाम सुरू होतो तेव्हा शेतातलं फारसं काही तयार नसतं. पहिले दोन-तीन शनिवार रानभाज्यांवर जातात : शेवळं, टाकळा, कुरडू, फोडशी, भारंगी. या शेतात लावलेल्या नसतात. शेजारच्या ठाकूर पाड्यावरच्या बायका रानातून खुडून आणतात आणि त्यांचे पैसे वाट्याच्या रकमेतून थेट त्यांच्याच हातात दिले जातात. फोडशी दिसायला अगदी गवत, पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं चुकून आली. जुलैत कंटोळी. तिच्या वेलात नर वेगळा आणि मादी वेगळी, म्हणून नुसती मादी वेल राखून फळ धरत नाही, हे मला दादांनी बांधावर उभं करून दाखवलं तेव्हा कळलं.

श्रावणापासून वेलभाज्या येतात : शिराळं, घोसाळं, पडवळ, कारलं, दुधी, काकडी, लाल भोपळा. सोबत भेंडी, गवार, अळू, लाल माठ. गणपतीच्या आठवड्याचा वाटा आम्ही मुद्दाम ऋषीच्या भाजीच्या हिशोबाने लावतो. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही ही आपली रीत. म्हणून परसातलं अळू, माठ, अंबाडी, भेंडी, शिराळं, पडवळ, भोपळा, मक्याची कणसं आणि सुरणाचा एक तुकडा असं थोडं थोडं सगळं. त्या शनिवारी वजनकाटा फारसा वापरत नाही, प्रत्येकाला प्रत्येक भाजी मिळाली पाहिजे एवढंच बघतो. गौरीच्या सोळा भाज्यांसाठी काही कमी पडलं तर आदल्या दिवशी सांगा, दोन-चार पानं, चार शेंगा मिळून जातील.

ऑक्टोबरात तीन शनिवार वाटप बंद असतं. भातकापणी असते, आणि तेव्हा शेतावर भाजी तोडायला कुणाला सवड नसते.

नोव्हेंबरच्या मध्यापासून हिवाळी हंगाम. मुळा, मेथी, पालक, चवळई, वांगी, टोमॅटो, कांद्याची पात, थोडा कोबी. डिसेंबर-जानेवारीत भाताच्या खाचरात ओलाव्यावर लावलेला वाल येतो आणि मग ओल्या शेंगा. रताळी, कोनफळ, सुरण. भोगीच्या आठवड्यात वांगं, वालाचे दाणे, हरभऱ्याचे सोलाणे देतो. गाजर मात्र आमच्याकडे होत नाही, ते तुम्हालाच आणावं लागेल. बटाटा, कांदा, फ्लॉवर, वाटाणाही नाही. जे घाटावर चांगलं पिकतं ते घाटावरूनच यावं, असं माझं मत आहे.

मार्चनंतर वाटा एवढा लहान का होतो?

कारण पाणी संपतं.

तानसा आणि भातसा ही धरणं शहापूर तालुक्यात आहेत. तानसाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातंय. ठाण्यात तुमच्याआमच्या नळाला येणाऱ्या पाण्यातही भातसा नदीचा मोठा भाग आहे. आणि त्याच तालुक्यातल्या कित्येक गावपाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघत हंडे ओळीने लागलेले असतात. आपल्या शेतावर एक विहीर आहे. मार्चच्या शेवटी तिचा तळ दिसायला लागतो, मग दादा दिवसाआड पाणी देतात आणि फक्त भेंडी, गवार, काकडी आणि थोडी चवळई जगवतात. मे महिन्यात एखाद्या शनिवारी अर्ध्या वाट्यात अर्धा किलो भेंडी, एक काकडी, पाच-सात कैऱ्या आणि एक फणसाचा तुकडा एवढंच असू शकतं.

त्या शनिवारी तक्रारीचा सूर लागला की मला खरंच वाईट वाटतं. आपण त्यांच्या तालुक्यातलं पाणी पितो. त्यांच्या विहिरीला पाणी नसताना आलेली ती अर्धा किलो भेंडी मला श्रावणातल्या पाच किलोपेक्षा मोठी वाटते. उन्हाळी हंगामाची रक्कम म्हणूनच कमी ठेवली आहे, आणि ज्यांना नको असेल त्यांनी तो हंगाम सोडला तरी पावसाळ्यात त्यांची जागा राखीव राहते.

पैसे किती आणि कसे भरायचे?

पूर्ण वाटा दर शनिवारी ६०० रुपये, अर्धा ३५०. उन्हाळ्यात ४०० आणि २५०. पावसाळी हंगामाचे पंधरा शनिवार धरतो, म्हणजे अर्ध्या वाट्याचे ५,२५० होतात. एकदम भरा किंवा दोन हप्त्यांत. दुसरा हप्ता हंगामाच्या मध्यावर. चार माणसांच्या घराला अर्धा वाटा आठवड्यातले चार दिवस पुरतो, असा आमचा अंदाज आहे. सगळ्या आठवड्याची भाजी यातून निघेल अशी अपेक्षा ठेवू नका.

बाजारापेक्षा महाग नाही का?

काही आठवडे महाग, काही आठवडे स्वस्त. जांभळी नाक्यावर टोमॅटो वीस रुपये असतो तेव्हा आपला महाग वाटतो. तोच टोमॅटो शंभरावर जातो तेव्हा आपल्या वाट्याची रक्कम एक रुपयाही वाढत नाही. ठरलेला भाव मिळणार हे माहीत असल्यामुळे दादांनी भेंडीबरोबर आणखी भाज्या लावायचं धाडस केलं. आधी ते फक्त भेंडी लावायचे, कारण व्यापारी तीच उचलायचा, आणि भाव त्या दिवशी गाडी गेल्यावर कळायचा.

अशी थेट विक्री कायद्यात बसते का, असंही एकदोघांनी विचारलं आहे. बसते. महाराष्ट्रात २०१६ पासून फळं आणि भाज्या बाजार समितीच्या नियमनातून मुक्त आहेत. शेतकरी थेट घरात भाजी देऊ शकतो.

मला नको असलेली भाजी आली तर? निवडता येतं का?

निवड नाही, पण शेवटच्या टेबलावर अदलाबदलीची पाटी ठेवलेली असते. तुमच्या वाट्यातलं कारलं तिथे ठेवा आणि दुसऱ्या कुणी ठेवलेली गवार उचला. आषाढात कांदेनवमी झाली की चातुर्मास पाळणाऱ्या घरांची वांगी पाटीत येतात आणि क्षणात संपतात. पाटी रिकामी असेल तर घरी न्या, आणि कृपा करून एकदा करून बघा. पडवळ न खाणाऱ्या तीन घरांनी वहिनींच्या सांगण्यावरून डाळ घालून पडवळ केलं आणि आता ती तिन्ही घरं पाटीजवळ पडवळाची वाट बघत असतात.

भाजीवर खरंच औषध मारत नाहीत का? प्रमाणपत्र आहे?

रासायनिक खत आणि कीटकनाशक वापरत नाहीत. काहीच फवारत नाहीत असा त्याचा अर्थ नव्हे. निंबोळी अर्क फवारतात : पाच किलो निंबोळीचा भरडा रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून, शंभर लिटर द्रावण. दशपर्णी अर्क घालतात. जमिनीला जीवामृत देतात, ज्यात शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि बांधावरची मूठभर माती असते. वांग्यात कामगंध सापळे (किडीच्या नर पतंगांना वासाने ओढून पकडणारे) आणि मावा-तुडतुड्यांसाठी पिवळे चिकट पट्टे लावलेले तुम्हाला शेतावर दिसतील.

शेत 'पीजीएस-इंडिया' या केंद्र सरकारच्या सहभाग हमी पद्धतीत आहे. यात किमान पाच शेतकऱ्यांचा गट असतो आणि ते एकमेकांच्या शेताची पाहणी करून हमी देतात. जमीन रासायनिक शेतीकडून सेंद्रिय शेतीकडे जाण्याच्या बदलाच्या काळात असेल तोवर 'ग्रीन' आणि तो काळ पूर्ण झाल्यावर 'ऑरगॅनिक' असं प्रमाणपत्र मिळतं. आपल्या शेताचा मूळ भाग दुसऱ्या प्रकारात आहे. ओढ्यापलीकडचा तुकडा दोन वर्षांपूर्वी खंडाने घेतला, तो अजून पहिल्या प्रकारात. त्या तुकड्यावरची भाजी कुठली, हे फळ्यावर हिरव्या खडूने लिहितो. कागदाची प्रत वाटपाच्या टेबलावर कायम असते. पण माझं ऐकाल तर एकदा शेतावर या.

वांग्यात अळी निघाली. बदलून मिळेल?

एखाद-दुसऱ्या वांग्यासाठी नाही. शेंडे आणि फळं पोखरणारी ती अळी वांग्याच्या पाठी कायम लागलेली असते, आणि तिला पूर्ण थोपवायचं तर वरचेवर विष फवारावं लागतं. वांगं चिरून मिठाच्या पाण्यात टाका, किडका भाग काढा, बाकीचं वापरा. पाव किलोत निम्म्याहून जास्त किडकं निघालं तर फोटो काढून गटावर टाका. पुढच्या शनिवारी तेवढं वजन दुसऱ्या भाजीने भरून देतो. शिवाय दादांना कुठल्या ओळीत सापळा कमी पडला हे कळतं, त्यामुळे संकोच करू नका.

पालेभाजी तीन पाण्यांतून काढा. पावसाळ्यात माती पानाच्या मागे चिकटलेली असते, आणि कधीकधी एखादी छोटी गोगलगायही.

शेवळं मिळाली आहेत. यांचं काय करतात?

दर जूनमध्ये दहा तरी फोन येतात. आधी हाताला तेल लावा, कारण ती खाजतात. वरचं पातळ आवरण सोडवून आतला पिवळसर दाणेदार भाग काढून टाका, मुख्य खाज तिथे असते. उरलेलं बारीक चिरून तेलात चांगलं परता, घाई केलीत तर घसा धरतो. जुडीबरोबर जी हिरवी आवळ्यासारखी छोटी फळं दिली आहेत ती काकडं. ती ठेचून, पाण्यात कोळून, गाळून ते आंबट पाणी भाजीत घाला. त्यानेच खाज मारली जाते. काकडं फेकून देऊन नुसती शेवळं शिजवल्याचं एका नवीन घराने मला दुसऱ्या दिवशी कळवलं, आणि त्या बिचाऱ्यांनी पुन्हा शेवळांकडे पाहिलं नाही. तेव्हापासून काकडं आम्ही जुडीलाच बांधून देतो. नसतीलच तर भरपूर चिंच किंवा आमसूल.

पुढे वाटण तुमच्या घरचं. ठाण्यातल्या सीकेपी घरांत कोलंबी किंवा खिमा घालतात. शाकाहारी करणारे वालाचे दाणे घालतात. दोन्ही मी खाल्लं आहे आणि एकाची निवड करता येणार नाही.

अळूलाही हाच न्याय : चिंच विसरू नका.

भाजी आठवडाभर कशी टिकवायची?

आणल्या आणल्या धुऊ नका. मुळ्याचा पाला लगेच कापून वेगळा करा, तो मुळ्यातलं पाणी ओढून घेतो आणि मुळा मऊ पडतो. पाल्याची भाजी त्याच दिवशी करा. मेथी, माठ, कोथिंबीर सुकी करून वर्तमानपत्रात किंवा सुती फडक्यात गुंडाळून फ्रीजमध्ये. भेंडी पुसून कोरडी ठेवा. टोमॅटो, रताळी, सुरण, कोनफळ, अख्खा लाल भोपळा फ्रीजबाहेर टोपलीत. भोपळा न चिरता दोन-तीन महिने सहज राहतो.

खायचा क्रम असा लावा : शनिवार-रविवार पालेभाज्या, मग भेंडी-गवार, मग वेलभाज्या, शेवटी कंद.

मुसळधार पावसात वाटप होतं का?

होतं, टेम्पो पोचला तर. टेम्पो पहाटे ५ ला निघतो आणि रस्ता मोकळा असेल तर ७ पर्यंत नौपाड्यात येतो. नाशिक महामार्गावर भिवंडी बायपास, खारेगाव, साकेत आणि माजिवडा या टप्प्यात कुठेही अडकू शकतो. दोन वर्षांपूर्वी जुलैच्या एका शनिवारी तो दुपारी १ ला आला. ताडपत्री असूनही खालचे क्रेट भिजले होते. आम्ही सहा जणांनी पार्किंगमध्ये चादरी अंथरून भेंड्या पसरल्या आणि घरून पंखा आणून वाळवल्या, तेवढ्यात बातमी ऐकून आणखी आठ-दहा वाटेकरी मदतीला खाली उतरले. त्या दिवशी एकही जुडी वाया गेली नाही. असा दिवस उजाडला तर सकाळी ७ पर्यंत गटावर निरोप येतो. निरोप वाचूनच घराबाहेर पडा.

टेम्पो निघूच शकला नाही तर ती भाजी शेताजवळच्या बाजारात मिळेल त्या भावाने जाते. तो शनिवार बुडाला असं धरायचं. आजवर असे तीन शनिवार झाले.

शेत बघायला येता येईल?

यावंच. वर्षातून तीनदा एकत्र जातो : जुलैत भातलावणीला, जानेवारीत वालाच्या शेंगा तोडायला, आणि मार्चमध्ये हिशोबाच्या बैठकीला. ठाण्याहून आसनगाव किंवा कसारा लोकल पकडायची, आसनगावला उतरायचं, तिथून शेअर रिक्षाने अर्धा तास. जेवण शेतावर, तांदळाची भाकरी आणि जे पिकलं असेल ते. भाड्याव्यतिरिक्त खर्च नाही, जेवणाचे पैसे दादा घेत नाहीत. म्हणून आपण घरटी एक किलो गूळ किंवा डाळ घेऊन जातो.

मार्चच्या बैठकीला आलात तर जमाखर्चाची वही सगळ्यांसमोर वाचली जाते. बियाण्याला किती गेले, मजुरी किती, कुठलं पीक फसलं आणि का. पुढच्या वर्षी काय लावायचं हेही तिथेच ठरतं. गेल्या वेळी अंबाडी वाढवायची हे एका आजींच्या आग्रहावरून ठरलं.

घोडबंदर रोड, कळवा किंवा नवी मुंबईत वाटप आहे का?

सध्या नाही. ऐरोली आणि वाशीची दोन घरं ट्रान्स-हार्बरने येऊन नेतात. मानपाड्याची चार घरं पाळीपाळीने एकच गाडी आणतात. एखाद्या भागातली पंधरा घरं एकत्र आली, जागा मिळाली आणि दर शनिवारी दोन माणसं उभी राहायला तयार असली, तर टेम्पो तिथेही वळवता येईल.

मदत करावी लागते का?

प्रत्येक घराने हंगामात एक शनिवार, सकाळी ७ ते ११. क्रेट उतरवणं, जुड्या मोजणं, फळा लिहिणं, शेवटी पार्किंग झाडणं. ज्यांना वजन उचलवत नाही त्यांनी यादीवर बसावं. देठं आणि पिवळी पानं गोणीत भरून त्याच टेम्पोने परत शेतावर खतासाठी जातात. तुमच्या घरचा भाजीचा कचराही चालेल, मात्र शिजवलेलं अन्न आणि प्लास्टिक त्यात नको.

हंगाम मध्येच सोडता येईल?

तुमच्या जागी दुसरं घर मिळवून दिलंत तर उरलेले पैसे त्या घराकडून घ्या. नाहीतर पैसे परत करता येत नाहीत, ते बियाण्याच्या रूपात मातीत गेलेले असतात. आजारपण, नोकरी जाणं अशी अडचण असेल तर मात्र आमच्यापैकी कुणाशीही मोकळेपणाने बोला. आजवर अशा प्रत्येक घरासाठी बाकीच्यांनी मिळून मार्ग काढला आहे.

नाव कसं नोंदवायचं?

आधी एका शनिवारी ८ वाजता नुसतं येऊन बघा. क्रेट उतरताना उभे राहा, फळा वाचा, कुणाही वाटेकऱ्याला विचारा. पटलं तर टेबलावरच्या वहीत नाव, फोन आणि पूर्ण की अर्धा वाटा लिहा. जागा झाली की फोन येईल. पावसाळी हंगामाची यादी मेच्या दुसऱ्या शनिवारी बंद होते, कारण त्याच आठवड्यात बियाणं घ्यायचं असतं. येताना एक पिशवी जवळ असू द्या. अदलाबदलीच्या पाटीत त्या दिवशी काही उरलं असेल तर तुमच्या हाती देता येईल.